बॅटरी खरं बोलते का?



आपल्या समूहावर मी सहसा जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो. आज एका टॉर्चबद्दल लिहितोय. आपल्या घरांतून तिला बॅटरी म्हणायचे आणि आत घालायचे ते सेल. मीही तेच शब्द वापरतो.

रामबागेतल्या वाड्यात वडिलांची दोन सेलची एव्हरेडी खुंटीला टांगलेली असायची. सेल उतरले की आई ते गच्चीवर उन्हात ठेवायची, मग आणखी दोन-चार रात्री निघायच्या. उजेड पिवळा आणि बेताचाच. काळा मोजा आणि निळा मोजा त्यात ओळखू येत नसे. पण कुंकू मात्र कुंकवासारखंच दिसायचं. त्या वेळी याचं कुणाला काय कौतुक!

आता मूळ गोष्ट. आमच्या सौ.ला मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. पायाच्या संवेदना कमी झाल्यात, टोचलेलं-भाजलेलं कळत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज पाय बघायचे. तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं. दुखत नाही म्हणून डोळ्यांनीच पकडायचं." ते काम माझ्याकडे. रात्री जेवणं झाली की ती पाय स्टुलावर ठेवायची, मी बॅटरी मारून बघायचो आणि डायरीत तारखेपुढे बरोबरची खूण करायचो. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला खूण केल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

बॅटरी होती ठेल्यावरून घेतलेली. पांढराशुभ्र, किंचित निळसर झोत. समोरच्या इमारतीचा तिसरा मजला दिसायचा. मी खूश होतो.

मागच्या पावसाळ्यात मुलगी पुण्याहून आली. सकाळी गॅलरीतल्या उन्हात आईच्या पायाला तेल लावत होती. एकदम म्हणाली, "बाबा, हा अंगठा लाल कधीपासून आहे?" मी जाऊन पाहिलं. अंगठ्याच्या कडेला चांगला रुपयाएवढा लालसर पट्टा, थोडी सूज. डायरी काढली. आदल्या तिन्ही रात्री माझ्या हातची खूण होती.

डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग आहे, वेळेत आलात. औषधं, एक दिवसाआड ड्रेसिंग, सहा आठवडे. अंगठा वाचला. सौ. एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" पण तपासून पास केलेलं व्हाउचर चुकीचं निघालं की पोटात जो खड्डा पडतो, तो मला ठाऊक आहे.

त्या रात्री मी तोच अंगठा त्याच बॅटरीने पुन्हा पाहिला. लालीची जागा माहीत असूनही ती राखाडी-तपकिरी दिसत होती, त्वचेच्या रंगात मिसळून गेलेली. खिडकीतल्या उजेडात मात्र स्वच्छ लाल.

नातू इंजिनियर आहे. त्याने फोनवर समजावलं, "आजोबा, तुमच्या एलईडीच्या उजेडात लालच कमी आहे." आत निळ्या प्रकाशाची चिप असते, तिच्यावर पिवळसर लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोड्याचा लेप पिवळा करतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. स्वस्त मालात लेप साधा असतो, गडद लाल जवळजवळ नसतोच. जे उजेडात नाही, ते कातडीवरून परत कसं येणार?

रंग किती खरे दिसतात याचं एक माप आहे, सीआरआय. जास्तीत जास्त १००. जुना तारेचा बल्ब जवळजवळ १००. साध्या एलईडी बॅटऱ्या बहुतेक ७०च्या आसपास. पण यात एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल हा नववा नमुना, आर-नऊ, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे आठ खात्यांची शिल्लक दाखवून ब्रँच उत्तम म्हणायचं, आणि नववं खातं थकलेलं! काही एलईडींचा आर-नऊ तर शून्याच्याही खाली असतो.

मग मी कुंकवाची आणि शेंदराची अशा दोन पुड्या खिशात घालून राजवाड्याजवळच्या दुकानांत फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "अंकल, इसमें पूरी कॉलोनी दिख जाएगी." मी म्हटलं, "भिया, कॉलोनी नहीं, एक अंगूठा देखना है." तो माझ्याकडे बघतच राहिला. एम. टी. क्लॉथ मार्केटात आपल्या बायका साडी दुकानाबाहेर उन्हात नेऊन रंग बघतात, तसंच हे. बहुतेक बॅटऱ्यांखाली कुंकू विटकरी दिसलं आणि माझा तळहात आजाऱ्यासारखा.

शेवटी नातवाने ऑनलाइन मागवून दिली. दोन हजारांच्या वर गेली. सीआरआय ९०हून जास्त, आर-नऊही चांगला, उजेड ४५०० केल्विन, म्हणजे ना बल्बसारखा पिवळा ना निळसर. झोत त्या ठेलेवालीपेक्षा कमी लांब जातो. तेवढ्याच सेलवर रंग खरे हवे असतील तर थोडा उजेड सोडावाच लागतो. हातभर अंतरावर बघायला तो भरपूर आहे. पुड्या उघडल्या, कुंकू कुंकू दिसलं, शेंदूर शेंदूर.

सेलबद्दलही सांगतो. यात १८६५० नावाचा लिथियम सेल लागतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. बाजारात यावर ९९०० एमएएच छापलेले मिळतात. चांगल्या कंपनीचा सेल ३५०० च्या आसपास असतो. ९९०० म्हणजे पासबुकात खोटी शिल्लक. आणि सुटा सेल खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर ठेवू नका, शॉर्ट होऊन आग लागू शकते.

सगळा दोष बॅटरीचाही नव्हता. नंतर मी डोळे तपासले, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याचं ऑपरेशन झालं.

आता पाय सकाळी गॅलरीतल्या उजेडात बघतो, कारण त्याच्यासारखा उजेड कुठलीच बॅटरी देत नाही. रात्री नव्या बॅटरीने दुसऱ्यांदा बघतो. डायरीत रोज दोन खुणा असतात. एक माझी आणि एक सौ.ची. दोन सह्यांशिवाय आता काही पास होत नाही.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी आज रात्री आपली बॅटरी कुंकवाच्या करंड्यावर मारून बघा आणि काय दिसलं ते खाली जरूर लिहा.