चाकांवरचे घर

माझा धाकटा भाऊ बांगड्या विकतो. आमचे घर घनसावंगीत आहे. पण वर्षातले काही महिने त्याचा मुक्काम टेंपोतच असतो. रामनवमीला जांबसमर्थ, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीची जत्रा, एरवी आठवडी बाजार. दिवसा टेंपोला लागून दुकान मांडायचे आणि रात्री आत सतरंजी पसरून झोपायचे. परदेशात हौशी लोक अशा गाडीतून हिंडतात व तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. माझ्या भावाला हौस कुठली? त्याचे पोट त्यावर आहे.

सुट्टीत भावजय आणि सात वर्षांची भाचीही बरोबर असतात. भाचीला दमा आहे. धाप लागली की तिला नेब्युलायझर लावावा लागतो. हे यंत्र औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे छातीत पोचवते. पण त्याला वीज हवी.

एका नवरात्रात अंबडला मध्यरात्री तिला धाप लागली. भावाने संध्याकाळभर दुकानाचे दिवे गाडीच्याच बॅटरीवर जाळले होते. यंत्र दोन मिनिटे घुरघुरले आणि बंद पडले. भाऊ शेजारच्या पाळणेवाल्याकडे धावला. त्या भल्या माणसाने झोपेतून उठून आपले जनरेटर सुरू केले, तेव्हा कुठे पोरीचा श्वास खाली बसला. सकाळी टेंपोही सुरू होईना. इंजिनाची बॅटरी क्षणभर जोराचा झटका देण्यासाठी असते. तासन्‌तास दिवे जाळण्यासाठी नव्हे.

"आपा, एक मोठी बॅटरी घेऊन टाकतो," घरी आल्यावर भाऊ म्हणाला.

"आधी कागद आण," मी म्हटले.

आम्ही हिशेब मांडला. दुकानाचे 9 वॅटचे 4 दिवे 4 तास, म्हणजे 144 वॅट-तास. 25 वॅटचा पंखा 8 तास, म्हणजे 200. आतला दिवा आणि दोन मोबाइल मिळून 50. नेब्युलायझर 150 वॅटचा. पाव तास दोनदा लावला तर 75. बेरीज 469. वाटेत थोडी वीज वाया जाते, म्हणून 550 धरले. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास मावतात. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणजे हाती 600. एक रात्र निघेल. पण ढगाळ दिवसानंतरची रात्र निघणार नाही.

दुसऱ्या बॅटरीला पैसे नव्हते. "ती पुढच्या वर्षी हिला जोडू," भाऊ म्हणाला. मी नको म्हटले. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडली तर जुनी नवीलाही खाली ओढते. म्हणून दुसरी वेगळीच ठेवायची आणि खटका फिरवून कधी ही, कधी ती वापरायची, असे ठरले. मात्र जे पुढे बदलणे कठीण, ते आजच मोठे घेतले: जाड तारा, 30 अँपिअरचा चार्ज कंट्रोलर, छतावर दोन सौर पॅनेलांची चौकट. पॅनेल मात्र एकच, 150 वॅटचे. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो आणि आत पोर झोपते, म्हणून पेटीची झरोके बाहेरच्या बाजूला ठेवली.

एका गोष्टीवरून आमचे वाजले. बॅटरी उतरू लागली की दुकानाचे दिवे आपोआप बंद व्हावेत, असे मला वाटत होते. भाऊ म्हणाला, "उजेडाशिवाय बांगडी चमकत नाही, आपा. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते." त्याचे खरे होते. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यानेच दिव्यांची तार कंट्रोलरच्या आपोआप तुटणाऱ्या जोडावर लावली आणि नेब्युलायझरचा इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडला.

दुसऱ्या बॅटरीची पेटी अजून रिकामी आहे. भाचीने त्यात आपली बाहुली निजवली आहे.

"फुप्पी, बॅटरी आली की हिला कुठे ठेवू?" तिने परवा मला विचारले.