कालवा उघडाच होता

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आजोळी 'किरणची लढाई' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आईचे आजोबा त्या लढाईत होते. किरण ही कुणी राणी असावी आणि तिच्यापायी युद्ध पेटले असावे, अशी माझी समजूत होती. आजीची समजूतही फारशी वेगळी नव्हती. दौंडला मामांच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे पदक आहे. सहा टोकांचा तारा, वाळूच्या रंगाची फीत आणि तिच्या मधोमध तांबडा पट्टा. मागे नंबर आणि नाव कोरलेले. पलटणीतून परत आल्यावर त्यांनी दौंडलाच रेल्वेत गँगमनचे काम धरले. लढाईबद्दल ते एवढेच सांगत, की डोंगर फार उंच होता आणि पाणी खांद्यावरून वर न्यावे लागे. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला परदेशातले काय आठवावे, तर तेही पाणीच!

शिरूरला कॉलेजात आल्यावर एक दिवस ग्रंथालयात दुसऱ्या महायुद्धाचा नकाशा पाहत होते. आफ्रिकेच्या शिंगापाशी, इरिट्रियात, बारीक अक्षरात लिहिले होते : 'केरन'. खाली माहिती होती. फेब्रुवारी-मार्च १९४१, इटलीच्या फौजेशी लढाई, हिंदी सैन्याच्या चौथ्या व पाचव्या डिव्हिजन. त्यांत मराठा पलटणी. मी पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. आमची किरण राणी ती हीच. आमच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारी मीच पहिली, त्यामुळे हे गाव नकाशावर शोधणार तरी कोण होते?

परीक्षेला 'राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे लिहा' हा प्रश्न नेहमी येतो. नोट्समध्ये सहा कारणे आहेत, ती मी पाठ केली होती. पण आता मला एकच जाणून घ्यायचे होते. शिरूर-दौंडकडचा माणूस इटलीच्या तोफांपुढे डोंगर चढायला का गेला?

इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने ३ ऑक्टोबर १९३५ रोजी अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, फौजा घातल्या. त्याने काही चोरून केले नव्हते. महिनोन् महिने त्याची जहाजे सैनिक आणि दारूगोळा भरून सुएझ कालव्यातून जात होती आणि सगळे जग पाहत होते. चारच दिवसांत जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवले. नोव्हेंबरात पन्नासएक देशांनी बहिष्कार घातला. शस्त्रे बंद, कर्ज बंद, इटलीचा माल घेणे बंद, रबर बंद. तेल मात्र चालू! विमाने नि मालमोटारी ज्यावर चालतात तेच नेमके यादीत नव्हते. सुएझ कालव्याची कंपनी इंग्रज-फ्रेंचांच्या हातात होती. तो कालवाही उघडाच राहिला.

प्रत्येकाजवळ कारण होते, आणि वाचताना ती कारणे अगदीच खोटी वाटत नाहीत. फ्रान्सला हिटलरची भीती होती, म्हणून मुसोलिनी आपल्या बाजूला हवा होता. इंग्लंडला एकट्याच्या आरमारावर युद्ध ओढवून घ्यायचे नव्हते. अमेरिका राष्ट्रसंघात नव्हतीच. आपण तेल थांबवले तर तिचे जाईल, मग आपणच का थांबवावे? डिसेंबरात इंग्लंडच्या होर आणि फ्रान्सच्या लाव्हाल या मंत्र्यांनी तर अॅबिसिनियाचा मोठा लचका मुसोलिनीला देऊन प्रकरण मिटवायचा गुप्त बेत केला. तो वर्तमानपत्रांत फुटला, ओरड झाली, होरला राजीनामा द्यावा लागला. ज्याचे शेत त्याला मात्र बेत करताना कुणी विचारले नव्हते.

७ मार्च १९३६ ला, सगळे या भांडणात गुंतलेले असताना, हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घुसवले. मे महिन्यात अदिस अबाबा पडले. ३० जूनला परागंदा सम्राट हैले सेलासी जिनिव्हात बोलायला उभा राहिला, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. विमानांतून आपल्या माणसांवर विषारी वायू कसा फवारला हे त्याने सांगितले. सभेने ऐकून घेतले आणि जुलैत बहिष्कार उठवला. तेल थांबवले असते तर आठवड्याभरात मला मागे फिरावे लागले असते, असे मुसोलिनी १९३८ साली हिटलरला म्हणाला. हिटलरच्या दुभाष्याने ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. हे वाचल्यावर त्या रात्री मला जेवण गेले नाही.

त्याचे कारण आमचा बांध.

घोडनदीकाठी आमचे दीड एकर रान आहे. शेजारी दरवर्षी नांगरटीला आमचा बांध कोरतो. पहिल्या वर्षी एक तास, दुसऱ्या वर्षी दोन. अण्णा बोलले तर तो हसून म्हणतो, "बैल वढत्यात, म्या काय करू?" नांगरट ट्रॅक्टरने असते! दोन वर्षांपूर्वी भावकी बसली. खूप बोलणे झाले. ठरले असे, की त्याच्याशी बोलणे बंद, लग्नाकार्याला जाणे बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण नदीवरून त्याची पाइपलाइन येते ती माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, नानांच्या, रानातून. ती बंद करा असे कुणी म्हटले नाही. अण्णांनीही नाही.

मीही नाही. मला तेव्हाच सुचले होते, पण मी गप्प बसले. त्या पाइपातून आठवड्याला दोन पाळ्या पाणी नानांना मिळते. त्या पाण्यावर त्यांचा कांदा निघतो, आणि त्या कांद्याच्या पैशांतून नानांनी माझी कॉलेजची पहिली फी भरली. फ्रान्सला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते ती यामुळे.

दिवाळीच्या सुट्टीत न्हावरे-चौफुल्यामार्गे एस.टी.ने दौंडला गेले. मामींनी पेटी काढून दिली. पदक हातात घेऊन मी आजीला सांगितले, की किरण म्हणजे बाई नव्हे, गाव. मराठा पलटणी तिथे लढल्या, आणि ५ मे १९४१ ला, राजधानी पडली त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, तो सम्राट आपल्या गादीवर परत आला. आजी म्हणाली, "मंग पयल्यांदाच का नाय गेली ती लोकं मदतीला? माझ्या सासऱ्याचा पाय तरी शाबूत ऱ्हायला आसता." नोट्समधल्या सहा कारणांपैकी एकही मला तिच्यापुढे मांडता आले नाही.

मामांच्या ओट्यावरून मनमाडकडे जाणारी गाडी दिसते. ती नगरवरून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरवरून जाते. तिथल्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्यांना मार्च १९३६ मध्ये रोममधून जाताना मुसोलिनीने भेटीला बोलावले होते. ते गेले नाहीत. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद होता, पण तिथे बोलणारा माणूस इंग्रज सरकार नेमी. हातात ना कालवा ना तेल, असा गुलाम देशाचा माणूस नाही म्हणाला. ज्यांच्या हातात दोन्ही होते ते बैठका घेत राहिले. पुढे मराठा जवान इटलीच्याच भूमीवर लढले. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर दाखवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी मुसोलिनीला त्याच्याच देशातल्या लोकांनी गोळ्या घातल्या.

गावी परतल्यावर मी अण्णांच्या मागे लागून सरकारी मोजणीचा अर्ज भरला. अक्षर माझे, सही त्यांची. मोजणीची तारीख पुढल्या महिन्यात आहे. परवा संध्याकाळी नाना ओट्यावर आले, पाणी प्याले, बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मलाबी यायलाच पायजे का गं?"

अण्णा काही बोलले नाहीत.

मी म्हटले, "व्हय नाना. आन् पाइपलाइनचंबी बोलायचंय."