तीन लिपींचें घर

थोरामोठ्यांचीं चरित्रें लिहिण्याची चाल आपल्याकडे चांगली रुळली आहे. परंतु जिनें कधीं भाषण केलें नाहीं, कोणत्या चळवळींत भाग घेतला नाहीं आणि जिचें नांव शिधापत्रिकेपलीकडे कोठें लिहिलेंहि गेलें नाहीं, अशा स्त्रीविषयीं लिहूं लागलें म्हणजे लेखणी अडखळते. आमची आजी अशीच एक स्त्री होती. ती सिंधमधील हैदराबादची. चेंबूरच्या छावणींत तिनें आयुष्याचीं ४८ वर्षें काढलीं आणि १९९६ सालीं तेथेंच देह ठेवला.

लोक तिला निर्वासित म्हणत. या शब्दाचा विचार करूं लागलें म्हणजे मौज वाटते. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. आजीचा जन्म १९२० सालचा. म्हणजे ज्या शहरांत ती पुढें परकी म्हणून उतरली, तें तिच्या जन्माच्या वेळीं तिच्याच इलाख्याचें राजधानीचें शहर होतें. कराचींतील एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचें नांव मिळालें. मराठी माणूस तिकडे जाई ती बदली होती. सिंधी माणूस इकडे आला तें मात्र निर्वासन ठरलें! छावणींतील पुरुषांस 'शरणार्थी' हा शब्द झोंबे. 'आम्ही शरणार्थी नव्हों, पुरुषार्थी आहों,' असें ते म्हणत. आजी हंसून म्हणे, "पुरुषार्थ पुरुषांनीं करावा; पण पापड कोणी लाटायचे?"

फाळणी झाल्यावरहि पुष्कळ सिंधी हिंदु कुटुंबें घरदार सोडण्यास तयार नव्हतीं. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली आणि मग मुंबईच्या आगबोटींवर जागा मिळेनाशी झाली. त्या गर्दींत सात वर्षांच्या मुलाला, म्हणजे आमच्या वडिलांना, घेऊन आजी निघाली. आजोबा मागाहून आले, परंतु फार दिवस जगले नाहींत. आजीची आई व थोरला भाऊ मात्र तिकडेच राहिले. कल्याण, मुलुंड, चेंबूर येथें तेव्हां छावण्या उघडल्या होत्या; आजीच्या वाट्यास चेंबूर आलें. त्या वेळीं चेंबूर मुंबई महापालिकेच्या हद्दींतहि नव्हतें. ती हद्द वाढली १९५० सालीं. "मी शहरांत गेलें नाहीं, शहरच माझ्याकडे आलें," असें ती मोठ्या ऐटींत सांगे.

चेंबूरच्या इतिहासांत १९४८ सालीं राज कपूर यांनीं काढलेल्या आर. के. स्टुडिओचा उल्लेख येतो. १९६२ सालीं हशू अडवाणी यांनीं स्थापिलेल्या विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचाहि येतो, आणि तो यावयासच हवा. परंतु गोणपाटाच्या पडद्यांनीं पाडलेल्या खोल्यांतून ज्या बायका पहाटेपासून उडदाचे पापड लाटीत, त्यांच्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. सिंधी घरीं आलेल्यास पाण्याबरोबर पापड द्यावयाचा, अशी रीत आहे. विकण्यासाठीं लाटलेल्या पापडांतून रोज चार पापड आजी पाहुण्यांसाठीं बाजूला काढी. पाहुणा आला नाहीं तरी ते चार पापड विक्रीस जात नसत.

१९६८ सालीं वडिलांनीं मराठी मुलीशीं लग्न केलें. सासू-सुनेची भाषा एक नव्हती, आणि नांव एकच असूनहि कढीसुद्धां एक नव्हती. आईची कढी ताकाची. आजीच्या कढींत ताकाचा थेंब नसे. भाजलेलें बेसन, चिंच आणि हाताशीं असतील तेवढ्या भाज्या. दोघींनीं एकमेकींची कढी नाकारली नाहीं. फक्त वार वांटून घेतले. आईच्या माहेरीं श्रावण शुद्ध सप्तमीस शीतळासप्तमी, तर आजीची ठदरी वद्य सप्तमीस. दोहींत शिळें अन्न खाण्याचाच विधि. त्यामुळें आमच्या घरची चूल श्रावणांत दोनदां विसावा घेई.

परंतु कढीचा प्रश्न जितका सहज सुटला, तितका अक्षरांचा सुटला नाहीं. सिंधी भाषेसाठीं अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपि इंग्रज सरकारनें १८५३ सालीं ठरवून दिली. वडील तीच शिकले. आजीच्या लहानपणीं हिंदु मुलींस बहुधा गुरुमुखी शिकवीत, कारण जपजी आणि सुखमनी वाचतां आली म्हणजे झालें, अशी समजूत होती. आम्ही मराठी शाळेंत देवनागरी गिरवली. १० एप्रिल १९६७ रोजीं सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें, आणि अरबी लिपि कीं देवनागरी हा वाद विद्वानांत पुष्कळ वर्षें रंगला. आमच्या घरीं वाद नव्हता. तेथें तीन पिढ्यांच्या तीन लिपि एकाच कपाटांत मुकाट्यानें नांदत होत्या. आजीची हिशेबाची वही वडिलांस वाचतां येत नसे, आणि आमचें प्रगतिपुस्तक आजीला नुसती नक्षी वाटे.

या अडचणीचा एक घाव आजीनें फार पूर्वीं सोसला होता. १९५१ सालीं हैदराबादेहून भावाचें पत्र आलें. तें अरबी लिपींत. वडील लहान, म्हणून तिनें तें शेजारच्या एका गृहस्थाकडून वाचवून घेतलें. पत्रांत तिची आई वारल्याची बातमी होती. त्या भल्या माणसाला ती उच्चारवेना. त्यानें शेवटच्या ओळी गाळल्या. पांच महिने आजी आपल्या मृत आईला निरोप पाठवीत राहिली. ही गोष्ट तिनें आम्हांस एकदांच सांगितली, आणि त्या गृहस्थास तिनें दोष दिला नाहीं.

१९८८ सालीं आम्ही शिक्षणासाठीं नागपुरास गेलों. आमचीं पत्रें आई तिला वाचून दाखवी. त्या हिवाळ्यांत आम्हांस कावीळ झाली. तसें आम्हीं कळविलें. परंतु आईनें तेवढा मजकूर वाचतांना वगळला. वाचणारीचा आवाज क्षणभर थांबला, एवढ्यावरून आजीनें ओळखलें. ती रागावली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें पाटी मागविली आणि ६८ व्या वर्षीं सुनेपुढें बसून 'अ आ इ ई' गिरवावयास आरंभ केला.

तीन महिन्यांनीं आम्हांस एक कार्ड आलें. अक्षरें वांकडींतिकडीं, वेलांट्या हव्या तशा. भाषा मात्र सिंधी. आजन्म कानांवर पडलेली ती भाषा आम्हीं त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं वाचली. मजकूर थोडा होता: कावीळ झाली हें मला ठाऊक आहे, उसाचा रस पीत जा, यापुढें मला निराळें पत्र लिही. खालीं सही होती, 'डाडी'. या शब्दांतील 'ड' आमच्या मराठी जिभेला कधीं साधला नाहीं. सिंधींत असे चार वर्ण आहेत कीं, ते उच्चारतांना श्वास बाहेर न सोडतां आंत ओढावा लागतो. देवनागरींत सिंधी लिहितांना त्यांच्याखालीं आडवी रेघ देतात. ती रेघ आजीनें दोन्ही 'ड'खालीं न चुकतां दिली होती. कोणाकडून शिकली कोण जाणे!

आमच्या मतें आजीनें आयुष्यांत दोन स्थलांतरें केलीं. पहिलें समुद्रावरून, हजारोंच्या गर्दींत आणि नाइलाजानें. त्याची नोंद इतिहासांत आहे. दुसरें तिनें म्हातारपणीं एका पाटीवर केलें. त्याला कोणाची सक्ति नव्हती. आपल्या आणि नातवंडांच्या मध्यें दुसऱ्याचा आवाज नसावा, एवढ्यासाठींच तिनें तें केलें.

तिच्या हिशेबाच्या वह्या आतां आमच्याजवळ आहेत. गुरुमुखीचीं पस्तीस अक्षरें आम्ही सध्यां गिरवीत आहों. पहिलें पान परवां लागलें. त्यावर उडीद, मिरीं आणि पापडखार यांचे भाव आहेत. आणि रोजच्या विक्रीखालीं, एकहि दिवस न चुकतां, चार पापड वजा टाकलेले आहेत.