तलासरीचे गाणे आणि गाण्यावरचे नाव

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर महाराष्ट्र संपता संपता जो तालुका लागतो, तो तलासरी. पुढे आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात सुरू. तलासरी गावाला रेल्वे नाही. डहाणू रोडला उतरायचे आणि तिथून एसटी किंवा टमटम धरायची. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून आपल्यासारख्या नोकरदार माणसाला हा मुलूख एका रविवारच्या टप्प्यात आला आहे. चिकूच्या वाड्या मागे पडतात, ताडाची झाडे दिसू लागतात आणि कौलारू घरांच्या पाड्यांतून रस्ता वळत जातो.

आम्ही तिथे गेलो ते गाणाऱ्या पोरांना भेटायला. आमच्या वस्तीत गेल्या जयंतीला जी गाणारी पार्टी आली होती, तिच्यातला ढोलकीवाला डहाणूचा, आपल्याच समाजाचा. आणि गाणी लिहून म्हणणारा मुलगा तलासरीकडचा, वारली समाजाचा. एकाच टेम्पोत एकच साऊंड सिस्टीम घालून ही पोरे एप्रिलमध्ये भीमगीते गातात, लग्नसराईत आदिवासी गाणी गातात आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला मिरवणुकीच्या पुढे असतात. हे पाहून आम्हाला आनंद झाला आणि कुतूहलही वाटले.

ही भूमी गाण्याची खरीच. भाताचे नवे पीक हाती आले की दिवाळीच्या आगेमागे तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, एवढ्यावर हे वाद्य उभे राहते. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. नाकाने घेत असतानाच गालातली हवा फुंकत राहतो. त्याच्याभोवती फेर धरून नाचणारे त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. लग्नात धवलेरी बाई गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागते. भगत घांगळी वाजवून कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा गातो. या गाण्यांवर कोणाचेही नाव नाही. ती सगळ्यांची आहेत.

तलासरीची आणखी एक ओळख आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. याच तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकर यांनी तो लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबणारे ‘लग्नगडी’ होत. लग्न म्हणजे गुलामीचा दाखला. आज त्याच मुलखात लग्नाच्या मांडवात गाऊन एखादा तरुण चार पैसे मिळवू पाहतो. केवढा हा पल्ला! म्हणूनच त्याच्या कष्टाचे मोल पुन्हा दुसऱ्या कोणाच्या खिशात जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

आता त्या मुलाचा हिशेब सांगतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेबाशिवाय आमचे समाधान होत नाही. तो उंबरगावच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पाळी संपली की मोबाईलमध्ये चाल गुणगुणून ठेवतो आणि वहीत शब्द लिहितो. फेब्रुवारी ते मे लग्नसराई. त्यात एका रात्रीचे पार्टीला जे मिळते, त्यातून टेम्पो, जनरेटर, साऊंडचे भाडे वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला हजार-दीड हजार उरतात. पावसाचे महिने जवळजवळ कोरडे जातात. एक गाणे स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रित करायचे तर त्याचा महिन्याचा पगार जातो. त्यात चित्रीकरण धरलेले नाही.

असे एक गाणे त्याने पदरमोड करून केले. एका ओळखीच्या माणसाने ते आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकले आणि हातावर काही रोख रक्कम ठेवली. कागद नाही, सही नाही. पुढे ते गाणे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लग्नांत वाजू लागले. खाली नाव मात्र चॅनेलवाल्याचे. मुलाने स्वतःचे चॅनेल काढून तेच गाणे टाकले, तेव्हा त्याच्यावरच दुसऱ्याच्या मालकीचा दावा लागला. त्याची आई आम्हाला म्हणाली, “दादा, गाणं लोकांना आवडतं, मग आमच्या घरात का येत नाय?” या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते.

हे दुःख नवे नाही आणि एकट्या तलासरीचेही नाही. अमेरिकेतल्या ग्रामीण संगीताला तिकडे कंट्री म्हणतात. १९२७ साली ब्रिस्टल नावाच्या गावात एक कंपनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेली आणि त्यातून कार्टर कुटुंब व रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स हे गायक देशभर गाजले. पुढे कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर खेड्यापाड्यांत हिंडून लोकांची गाणी गोळा करीत, तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. ऐकलेली चाल तो लक्षात ठेवी आणि घरी येऊन शिकवी. गाण्यांवर नाव कार्टरांचे लागले. रिडल कित्येक वर्षे विस्मृतीत राहिला. रंग आणि देश बदलला, रीत तीच.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मिळेल ते काम केले, पुढे गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचवला. त्यांची गाणी असंख्य गायकांनी गायली, कॅसेटवाल्यांनी विकली. दादांचे जगणे मात्र साधेच राहिले. पण आपल्या जलशांच्या शाहिरांची एक सवय होती. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. गाणे कोणीही गायले तरी शेवटी कवीचे नाव त्याच्या तोंडून निघतेच. आम्हाला ती गाण्याला जोडलेली पावती वाटते. वारली गाण्यात ही पद्धत नाही, कारण तिथे गाणे विकायचे नव्हतेच. बाजार आला, पावती आली नाही.

चित्राचे बघा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणले; त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. साडीवर, पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर ते चित्र आज सगळीकडे आहे. त्या चित्रात मधोमध उभा असतो तो तारपा वाजवणारा! त्याची दखल उशिरा लागली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२६ साली, वयाच्या नव्वदीत. सन्मान मोठाच आहे. पण विशीतल्या पोराने नव्वदीपर्यंत वाट पाहावी काय?

म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरात गाणारे मूल आहे त्यांनी कात्रण काढून ठेवावे.

गाणे लिहिले त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. तरी वहीत तारीख घाला आणि पहिले ध्वनिमुद्रण जपून ठेवा. दुसऱ्याला हक्क द्यायचा तर कायद्याने लेखी करार व सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करार करूनही कोणाला हिरावता येत नाही. हक्क विकला, तरी गाण्यावर आपले नाव मागण्याचा अधिकार राहतो. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सभासद होता येते. परंपरेने आलेली चाल मात्र कोणाच्याही मालकीची नाही. आपला हक्क आपण रचलेल्या नव्या शब्दांवर आणि नव्या चालीवर.

यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा मिळायला चॅनेलचे १००० सभासद आणि वर्षभरात ४००० तास पाहणे पुरे व्हावे लागते. एकट्याला हे जड जाते. चार-पाच पोरांनी मिळून एक चॅनेल काढावे, खाते बँकेत उघडावे आणि वाटणी पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. डहाणू-तलासरीच्या या पोरांना आम्ही हेच सांगितले. त्यांनी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर पाच जणांची नावे आणि वाटे लिहिले गेले आणि खाली सह्या झाल्या. गाण्यावर लागलेल्या दाव्याविरुद्ध हरकतीचा अर्जही भरला. त्याचा निकाल अजून यायचा आहे.

कारखाना सोडू का, असे त्या मुलाने विचारले. आम्ही म्हणालो, बाबा, पगार चालू ठेव आणि गाणेही चालू ठेव. सहा महिने वही काय म्हणते ते पाहू. आई-बापांनीही ‘गाण्याने पोट भरत नाही’ असे म्हणून मुलाची वही फेकू नये. पोट भरत नाही त्याला पुष्कळदा गाणे कारण नसते, कागद नसणे कारण असते.

आणि वाचकहो, एक काम आपलेही आहे. जयंतीला, लग्नाला, बारशाला पार्टी बोलवाल तेव्हा ठरलेली रक्कम त्याच रात्री द्या. पत्रकावर पाहुण्यांची वीस नावे छापता, तिथे गाणे रचणाऱ्याचे एक नाव छापा. निवेदकाने माईकवर गायकाबरोबर कवीचेही नाव घ्यावे. याला खर्च काही नाही. तलासरीच्या पाड्यावर बसलेल्या एका आईला मात्र तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातून मिळेल.