रिकामी गाडी

गेल्या पावसाळ्यात काकांचा डावा गुडघा क्लच दाबताना दुखायला लागला आणि घरात गाडीचा विषय निघाला. कासा-सायवन पट्ट्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं पिकअप चालवली. पहिलीची पाटी एमएच-04, पालघर जिल्हा 2014 साली वेगळा झाल्यानंतर घेतलेली दुसरी एमएच-48. आता स्टिअरिंग पुतण्याच्या हातात द्यायचं, तर पुतण्या म्हणाला, "काका, पिकअप पुरे झाली. आता थार घेऊ, नाहीतर जिम्नी." काकांनी नकार दिला नाही. एवढंच म्हणाले, "आधी ओहळातून वर काढून दाखव, मग बोलू."

हा ओहळ सायवनच्या पुढे, गंभीरगडाच्या बाजूला आहे. डांबरी सोडली की मुरमाची वाट खाली उतरते, ओहळ ओलांडते आणि पाड्यावर पोचते. जूनमध्ये याच वाटेने खत जातं. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून 45 किलोची झाली. काकांच्या पाठीला तो फरक चांगलाच ठाऊक आहे. खताबरोबर सिमेंट, पत्रे, किराणा. म्हणजे गाडी भरलेली उतरते आणि रिकामी चढते. पिकअपवाल्याचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं, इंजिनावर आणि केबिनवर. ओढायचं मात्र मागच्या चाकांनी. हौद्यात टनभर माल असला की पाटे बसतात, चाक जमीन धरतं आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून चढते. माल उतरला की तेच पाटे ताठ होतात. टायरमध्ये मालासाठी भरलेली साठेक पौंड हवा तशीच राहते आणि चाक गोट्यासारखं टणक होतं. ओल्या मुरमावर लाल गाळाचा बोटभर थर आला की ते जागच्या जागी फिरतं. काका सांगतात, त्या वेळी इंजिनाचा नाही, टायरचा आवाज ऐकायचा. ओलं फडकं पिळल्यासारखा आवाज आला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. त्यानंतर दिलेला प्रत्येक रेस चाकाखाली खड्डा खणतो.

या चढापायी त्यांनी काय काय केलं नाही! पहिल्या वर्षी वाळूच्या दोन गोण्या मागच्या फळीला टेकवून ठेवल्या. चाकाला पकड आली, पण वळणावर शेपूट लांब फेकलं जाऊ लागलं आणि पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग ऐकेना. मग चार गोण्या, बरोबर ॲक्सलच्या वर, दोरीने आवळून. हे जमलं. पण पावसात भिजून गोण्या कुजल्या आणि हौदाभर वाळू पसरली. मधेच एका वर्षी पाण्याचा पिंप ठेवून पाहिला. चढावर पाणी मागे धावलं आणि गाडी त्याच्यामागे. तो पिंप त्यांनी पाड्यावरच देऊन टाकला. शेवटी प्लॅस्टिकच्या पोत्यात खडी भरली. शिवाय माल उतरला की मागच्या टायरची हवा पंचवीस पौंडांपर्यंत सोडायची आणि डांबरीला लागल्यावर पायपंपाने पुन्हा भरायची. अर्धा तास जातो. पुतण्याला हा अर्धा तास वाया गेलेला वाटतो. काकांना तो कामाचा भाग वाटतो, जसं सुताराला रंध्याचं पातं लावणं.

सगळ्यात सोपं वजन माणसांचं. पाड्यावरची पोरं हौशीने मागे चढायची, काका ओरडायचे, "ॲक्सलवर उभे राहा रे!" आणि गाडी सरसर वर यायची. मालाच्या गाडीत माणसं घेणं कायद्याने चूक आहे, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. एका जुलैत चाक निसटलं, गाडी आडवी झाली आणि एक पोरगा चिखलात पडला. त्याला फक्त खरचटलं. काकांनी त्या दिवसानंतर हौद्यात माणूस घेतला नाही. तो प्रसंग सांगताना ते आजही खाली बघतात.

दुसरी कबुली त्यांच्या मानाची आहे. आपली गाडी ट्रॅक्टरने कधी ओढावी लागली नाही, असं ते नाक्यावर अभिमानाने सांगत. खरं म्हणजे एकदा ओढावी लागली होती, याच चढावर, अंधार पडल्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्टरमध्ये कचरा आला होता असं सांगितलं. ट्रॅक्टरवाला गप्प राहिला. त्याचे पैसे काकांनी ठरल्यापेक्षा जास्त दिले आणि ही गोष्ट पंधरा वर्षं दडवली. पुतण्याला गाडी शिकवताना मात्र सांगून टाकली. खोट्या अभिमानापायी तो त्या चढावर रेस देत बसेल, ही धास्ती त्यांना अभिमानापेक्षा मोठी वाटली.

पुतण्याने तलासरीच्या मित्राची थार आणली. फोर-बाय-फोर, लो रेंज टाकली, पहिला गिअर. गाडी कुठेही न थबकता वर आली. काका शेजारी बसून होते. वर आल्यावर त्यांनी उतरून चाकांच्या खुणा पाहिल्या. घसरल्याची एकही रेघ नव्हती. थारच्या चाकांमधलं अंतर 2450 मिलिमीटर, जमिनीपासून उंची 226 मिलिमीटर. ओहळाच्या काठावरचा उंचवटा तिच्या पोटाला लागतच नाही. पिकअप तिथे दरवेळी पोट घासते. शिवाय ऑटोमॅटिक घेतली तर क्लचच नाही, गुडघ्याचा प्रश्न तिथेच सुटतो. हे काकांनी मोकळेपणाने मान्य केलं.

पण हौस म्हणून अशा गाड्या घेणाऱ्यांबद्दल त्यांचं मत कडक आहे. थार 2023 पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. ती घेऊन लोक ओहळात उतरतात आणि अडकले की पिकअपवाल्याला हाका मारतात. त्याहून वाईट म्हणजे जुलैत आवणी चालू असताना मुंबईहून येणारे काही जण चिखलाच्या मजेसाठी भातखाचरात गाडी घालतात. बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी निघून जातं आणि त्या घराचं वर्षाचं भात जातं. "चढ चढणं ही ड्रायव्हरकी," काका म्हणतात, "बांध तुडवणं नव्हे."

थारमध्ये मावतं काय, हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, दापचरी भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले, फेब्रुवारी 2019 मध्ये 4.1 रिश्टरचा बसला. लोक घराबाहेर झोपत होते. त्या हिवाळ्यात काकांनी बांबू आणि ताडपत्र्या वाहिल्या. दहा-बारा फुटांचे बांबू एसयूव्हीच्या कुठल्या दारातून आत घालणार? घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो चिकू क्रेटमध्ये वाहायचा तर हौदाच लागतो. त्यातही रिकामपणाचं दुखणं आहेच. अर्धा हौदा भरला तर पाटे वाकत नाहीत, गाडी उडते आणि चिकू डागाळतो. गवत त्याच्या उलट: वजन थोडं, रास उंच, आणि उतरत्या वळणावर गाडी कलंडायला टेकते.

तरी एक रात्र काकांच्या मनातून जात नाही. पाड्यावरच्या एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या आणि रुग्णवाहिका डांबरीवर थांबली होती. सासूने सुनेला धरून केबिनमध्ये बसवलं, तिघं दाटीवाटीने. हौद्यात खडीची पोती होती म्हणून गाडी चढली, पण ताठ पाट्यांवर बसणारा प्रत्येक दणका त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसत होता. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पुतण्याने याच रात्रीची आठवण करून दिली तेव्हा काकांकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या किमतीच्या पिकअपही त्यांनी पाहिल्या. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 साली आली, टोयोटाची हायलक्स 2022 साली. दोन्हींत फोर-बाय-फोर, दोन्हींत पाच माणसं, लांबी मात्र सव्वापाच मीटरच्या वर. पाड्याच्या वाटेवर वळवायला दोनदा मागेपुढे करावं लागेल. आणि 2022 साली 34 लाखांच्या आसपास किंमत असलेल्या गाडीत सिमेंट टाकायला कुणाचा हात धजणार?

दिवाळीनंतर निर्णय झाला. घरात जुनी बोलेरो कॅम्पर आली, फोर-बाय-फोर, मागे छोटा हौदा आणि माणसांना बसायला खरी सीट. थारइतकी ती चपळ नाही, जुन्या पिकअपइतका माल घेत नाही आणि क्लच तसाच जड आहे, म्हणून ती पुतण्याच चालवतो. पाड्यावर एकच वाट, त्याच वाटेने खत आणि त्याच वाटेने आजारी माणूस, अशा ठिकाणी काकांच्या मते हीच गाडी घ्यावी. नुसती माणसं न्यायची असतील तर थार चांगली. रोज दीड टन न्यायचा असेल तर साधी पिकअप.

काका आता डाव्या सीटवर बसतात. यंदाच्या जूनमध्ये पहिलं खत उतरवल्यावर पुतण्याने लो रेंज टाकली आणि निघाला. काकांनी त्याला थांबवलं, उतरवलं आणि मागच्या टायरची हवा सोडायला लावली.