मार्टिन्सव्हिलची आतली रांग

व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल हे एकेकाळी फर्निचरच्या आणि कापडाच्या कारखान्यांवर जगलेलं लहानसं गाव. शर्यतीच्या रविवारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते. उतारावरच्या गवतात दूरवर गाड्या लावलेल्या, ट्रॅकच्या मागून गेलेले रेल्वेचे रूळ, हवेत जळक्या रबराचा वास आणि ज्याच्या-त्याच्या हातात मेणकागदात गुंडाळलेला गुलाबी सॉसेजचा हॉट डॉग. हा ट्रॅक १९४७ चा, म्हणजे स्टॉक कार शर्यती चालवणाऱ्या नॅसकार संस्थेहून एका वर्षाने मोठा. इथल्या विजेत्याला माणसाहून उंच, लाकडी, लंबकाचं घड्याळ मिळतं.

मी वेग पाहायला आलो होतो. पाहिली ती न्यायाची एक विलक्षण खटपट.

ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८५० मीटर. लांबट, आणि दोन्ही टोकांना घट्ट वळलेला. धावण्याच्या शर्यतीत सगळे एका रेषेवर उभे राहतात. इथे चाळिसेक गाड्या दोन-दोनच्या ओळीत सुटतात आणि शेवटची जोडी पहिलीच्या दीडदोनशे मीटर मागे असते. शर्यत सुरू होण्याआधीच अंतर पडलेलं! मग पुढे कोणी उभं राहायचं?

त्यासाठी आधी पात्रता फेरी होते. एकेक गाडी एकटीच पळते आणि घड्याळ लावून तिची वेळ मोजतात. आपल्याकडे खेड-जुन्नरच्या घाटात बैलगाडे असेच एकामागून एक सुटतात, त्यामुळे ही रीत मला लगेच कळली. पण इथे पहिल्या नंबराला पुढच्या जागेखेरीज आणखी एक बक्षीस मिळतं. टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला प्रत्येक गाडीची पिटमधली जागा ठरलेली असते आणि ती निवडण्याचा पहिला मान त्याचा. तो बहुधा बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेली जागा घेतो, कारण तिथून निघताना पुढे कुणाची गाडी आडवी येत नाही. जो आधीच पुढे, त्याला पुढे राहणंही सोपं.

डेटोनाच्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर हेच गणित पार बदलतं. तिथे ३१ अंश कललेल्या वळणांवरून गाड्या एकमेकींना चिकटून पळतात. पुढची गाडी हवा कापते आणि मागचीला त्या आडोशाने वेग मिळतो. म्हणूनच १९७८ मध्ये बॉबी ॲलिसन तेहतिसाव्या जागेवरून सुटून डेटोना ५०० जिंकू शकला. मार्टिन्सव्हिलमध्ये तेहतिसावा म्हणजे डोंगर चढणं. थोड्याच वेळात आघाडीच्या गाड्या मागून येऊन अख्खा लॅप चढवतात.

या लोकांनी जागा ठरवण्याच्या किती तऱ्हा करून पाहिल्या! मधल्या काळात पात्रता फेरीत सगळ्यांना एकदम सोडत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात फॉन्टाना इथे अंतिम फेरीतल्या बाराही जणांनी ‘आधी तू निघ’ करत वेळ घालवला, कारण मागे राहणाऱ्यालाच हवेचा आडोसा मिळणार होता. शेवटी वेळेत एकाचीही फेरी सुरू झाली नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे पात्रता फेरी बंद पडली, तेव्हा गुणांच्या क्रमाने गट पाडून चिठ्ठ्या काढल्या. त्याच आठवड्यात डार्लिंग्टनच्या ट्रॅकवरच्या दुसऱ्या शर्यतीत आधीच्या शर्यतीतले पहिले वीस चक्क उलट्या क्रमाने उभे केले. पुढे तर मागच्या शर्यतीतला क्रमांक, मालकाचे गुण आणि सर्वांत जलद लॅप यांच्या टक्केवारीचं सूत्रच बनवलं.

पण मी थक्क झालो ते शर्यत थांबून पुन्हा सुटताना. अपघात झाला की पिवळा झेंडा लागतो आणि गाड्या सावकाश फिरतात. मग पुन्हा दोन रांगा. इथे आतली रांग म्हणजे सोनं. बाहेरचा वळणावर रुंद जातो, तिथल्या रबराच्या चुऱ्यावर घसरतो, आणि आतल्यांची माळ त्याला ओलांडून जाते. पूर्वी रांग क्रमांकावरून ठरे, तिसरा आत आणि चौथा बाहेर. त्यामुळे चौथा येण्यापेक्षा पाचवा येणं परवडायचं. पिटमधून निघताना मुद्दाम ब्रेक दाबून मागच्याला पुढे जाऊ देणारेही होते. मागे राहण्यात फायदा असेल, तर ती शर्यत कसली?

यावर तोड सापडली ती गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर. तिथे रस्त्यात एक शंकू ठेवत. गाडीने त्याच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, हे ड्रायव्हरने ठरवायचं. २०२० मध्ये नॅसकारने ही रीत वरच्या पातळीवर घेतली. आता रस्त्यावर एक खूण रंगवलेली असते. तिच्यावर चाक गेलं तर शिक्षा, सरळ मागे.

शेजारच्या आजोबांनी स्वतःचा हेडफोन माझ्या कानाला लावला. त्यातून ड्रायव्हरला सूचना देणाऱ्याचं बोलणं ऐकू येत होतं. पुढचे चौघे एकामागून एक आत वळले. पाचव्याला कुणीतरी सांगितलं, ‘बाहेर मोकळं आहे.’ तो खुणेच्या उजवीकडून गेला आणि पाचव्या क्रमांकाचा गडी पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला! हिरवा झेंडा पडला. वळणावर तो बाहेर रेटला गेला, तरी हटला नाही, आणि दोन लॅपनंतर तिसऱ्या जागी आत शिरला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. पुढच्या वेळी दुसऱ्या एकाने हेच धाडस केलं आणि सात-आठ जागा गमावल्या. त्यालाही लोकांनी टाळ्या दिल्या.

इथे सगळं समान आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून ३६ गाड्यांची जागा कराराने पक्की आहे आणि बाकीच्यांना उरलेल्या मोजक्या जागांसाठी झगडावं लागतं. करारातून मिळालेली ती आघाडी कुठल्याही खुणेने पुसली जात नाही.

तरीही इथून मी एक कसोटी शिकलो. सगळ्यांना एका रेषेवर उभं करणं जिथे शक्यच नाही, तिथे शेवटच्या माणसाला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: आपण मागे का आहोत, आणि पुढे जायचं तर काय पणाला लावावं लागेल. ते त्याला उघड सांगून निवड त्याच्या हाती देणारा नियम मला न्यायाचा वाटतो.