खर्ड्याच्या वाटेवर

पुण्याहून नगर रस्त्याला लागलेली मोटार दिसली, की ती शिर्डीला किंवा शनिशिंगणापूरला चालली आहे असे खुशाल समजावे. आमच्या आळीतले कोणी दुसऱ्या कशासाठी त्या रस्त्याने गेल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. म्हणून "आम्ही खर्ड्याला निघालो आहोत" असे सांगितल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न केला, "तिथं कोणतं हो देवस्थान?" देवस्थान नाही, किल्ला आहे, हे ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरला, आणि किल्ला डोंगरावर नसून सपाटीवर आहे हे कळल्यावर तर त्यांनी विषयच बदलला.

खर्डा हे नाव तसे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. खर्ड्याची लढाई, सन 1795, निजामाचा पराभव. एका वाक्यात उत्तर द्या, एक गुण. तो गुण पदरात पडला की खर्ड्याचा आणि आपला संबंध संपला. पण आमच्या सौ.चे मामा, म्हणजे आप्पा, यांचा संपला नव्हता. ते बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवीत होते आणि दर वर्षी हे वाक्य फळ्यावर लिहीत होते. आता वय एकोणऐंशी. "जावईबापू, रायगड पाहिला, पानिपतही पाहिलं. पानिपतला सहलीच्या बसगाड्या जातात. पराभव पाहायला माणसं जातात, विजय पाहायला मला कोणी नेईना!" असे ते अधूनमधून म्हणत. डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला, तेव्हा आप्पांनी एकच अट घातली. त्याआधी खर्डा. मग काय, कोजागिरी उलटल्यावर एका शनिवारी पहाटे आम्ही चौघे निघालो. आप्पा पुढे, पाय लांब करायला जागा म्हणून, मागे सौ., फराळाचे डबे आणि आठवीतली आमची कन्या.

वाघोली-शिक्रापूरची गर्दी मागे पडेपर्यंत या रस्त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. रांजणगावच्या महागणपतीला हात जोडले, न्याहारी केली. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आणि इथे प्रवाशाने खिडकीची काच खाली करावी. आभाळ एकदम मोठे होते. बाजरी निघालेली, तुरीला पिवळी फुले, मध्येच झेंडूचा एखादा वाफा, आणि सुप्याच्या बाजूला उघड्या माळांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. पश्चिमेला अकोल्याकडे कळसूबाईचा पाऊस आणि पूर्वेला जामखेडकडे पावसाची नुसती वाट पाहणे. सह्याद्रीची हिरवी चित्रे पाहून डोळे बिघडलेल्यांना हा मुलूख रूक्ष वाटतो. मला वाटत नाही. पावसाळ्यानंतरचे दोन महिने या माळांना जो सोनेरी रंग चढतो, तो कोकणात मिळायचा नाही.

नगरला मुक्काम. 2024 साली शहराला आणि जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. पाट्या बदलल्या, पण चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत तोंडी अजून 'नगर'च बसले आहे. दुपारी भुईकोट पाहिला. निजामशाहीतल्या हुसेनशहाने सोळाव्या शतकात दगडात बांधून काढलेला हा गोल कोट आणि त्याभोवतीचा रुंद खंदक. 1595-96 मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला आणि चांदबिबीने तो रातोरात बुजवून घेतला, ही गोष्ट कन्येला ठाऊक होती. 1942 च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना इथे आणून कोंडले, हेही ठाऊक होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' 1944 साली इथेच पाच महिन्यांत लिहिले, हे मात्र नव्हते. "कैदेत असताना? पुस्तकं कुठून मिळाली?" हा तिचा प्रश्न. आप्पा म्हणाले, "शेजारच्या खोल्यांत चालती-बोलती पुस्तकं होती ना!" किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे इथे फार रेंगाळता येत नाही. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने हा किल्ला काही दिवसांत घेतला, ते सांगताना आप्पांचा आवाज बारीक झाला. "खर्ड्यानंतर आठच वर्षांनी," एवढेच म्हणून ते मोटारीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सोलापूर रस्ता धरला. जामखेडला आष्टीवरूनही जाता येते, पण आम्हाला वाटेत चौंडी गाठायची होती. सीना नदी नगरहून निघून दक्षिणेला भीमेकडे जाते, आणि चौंडी तिच्याच काठी आहे. मिरजगावच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत वळलो. माणकोजी शिंदे हे इथले पाटील, आणि 31 मे 1725 रोजी इथे जन्मलेली त्यांची मुलगी म्हणजे अहिल्याबाई होळकर. गाव आता स्मारकाने नटले आहे, देवळे नीट ठेवली आहेत. सौ. घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे गेले, मुलगा गेला, आणि मग या बाईने महेश्वराहून अठ्ठावीस वर्षे राज्य चालवले. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे, विहिरी बांधल्या. "आणि हिच्या माहेरच्या नदीला उन्हाळ्यात पाणी नसतं," सौ. म्हणाली. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईंनी मान हलवली. "पाणी यंदा दिसतंय तेवढंच बघून घ्या," असे त्या म्हणाल्या.

जामखेडला शिपी आमटी आणि भाकरी. ही आमटी पुणेकरांनी जरा बेतानेच घ्यावी. डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय ती पोटात उतरत नाही. याच गावात 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्यसेविका बनवण्याचे काम सुरू केले. ते पाहायला आणि शिकायला पुढे जगभरातून डॉक्टर आले. पाहुण्यांनी जामखेडला यावे असे यापेक्षा सबळ कारण नाही. पण रविवार होता आणि आप्पांचे लक्ष घड्याळाकडे. बीड रस्त्यावरचा सौताड्याचा धबधबाही त्यांनी आम्हाला वीस मिनिटांतच पाहू दिला. जिल्ह्याची हद्द ओलांडून दरीच्या काठाशी जावे, तर दोनशे फुटांच्या आसपास खोल कड्यावरून विंचरणा नदी कोसळते आणि खाली रामेश्वराचे देऊळ इवलेसे दिसते. सपाट माळाला एवढी दरी पडलेली असेल असे कोणाला वाटणार नाही. पाऊस चांगला झाल्यामुळे धार जाड होती. पायऱ्या उतरण्याचा हट्ट कन्येने धरला, आणि आप्पांच्या नजरेला नजर मिळताच सोडला.

खर्ड्याचा किल्ला लांबून ओळखू येतो, कारण 2021 च्या दसऱ्याला तिथे 74 मीटर उंचीच्या खांबावर भगवा ध्वज उभारला. जवळ गेल्यावर चौकोनी, घडीव दगडांचा, खंदकाने वेढलेला कोट दिसतो. आकाराने नगरच्या किल्ल्याच्या मानाने लहानच, पण तट भक्कम. आत विहीर आहे, मशीद आहे. बांधला तो निंबाळकरांनी, अठराव्या शतकाच्या मध्याला. गावात त्यांच्या गढीचे अवशेष आहेत. इथे कन्येने आप्पांना अडवले. "आजोबा, निंबाळकर म्हणजे मराठेच ना? मग किल्ला आपलाच होता?"

"मराठेच. पण चाकरी निजामाची."

"आणि निजाम हरल्यावर लपला कुठं?"

"याच किल्ल्यात," आप्पा म्हणाले, आणि काठी टेकून सावलीत बसले. पुढचा अर्धा तास तिथे त्यांचा वर्ग भरला. किल्ला पाहायला आलेली दोन महाविद्यालयीन मुलेही येऊन उभी राहिली.

भांडण चौथाईच्या थकबाकीचे. पुण्याचा वकील गोविंदराव काळे हैदराबादला हिशेब मागायला गेला, तेव्हा निजामाचा दिवाण मुशीरउल्मुल्क याने नाना फडणविसांनी स्वतः दरबारात येऊन हिशेब समजावून द्यावा, अशी भाषा केली. महादजी शिंदे 1794 च्या फेब्रुवारीत वारले होते, त्यामुळे मराठ्यांचे बळ खचले असाही निजामाचा हिशेब होता. तो चुकला. वीस वर्षांचा सवाई माधवराव पेशवा, परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती, शिंद्यांची कवायती पलटणे, तुकोजी होळकर, नागपूरचे भोसले, सगळे एका छावणीत आले. असे एकत्र येणे पुन्हा घडले नाही. दोन्हीकडे लाखाच्या वर फौज असल्याचे ग्रँट डफ सांगतो.

11 मार्च 1795. निजामाची फौज मोहरीचा घाट उतरून परांड्याकडे चालली होती. पहिल्या चकमकीत पठाण स्वारांनी मराठ्यांना मागे रेटले. पटवर्धनांचा विठ्ठलराव पडला, परशुरामभाऊंना जखम झाली. मग भोसल्यांचे बाण आणि शिंद्यांकडच्या पेराँच्या तोफा सुरू झाल्या. निजामाचा फ्रेंच सरदार रेमाँ टिकून होता, पण निजामाबरोबर जनानखाना होता, तो घाबरला, आणि निजामाने माघारीचा हुकूम सोडला. खरी गंमत रात्रीची. (आप्पा 'गंमत' म्हणाले, पण ते हसले नाहीत.) मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली. तिथे मोगलांचे काही लोक होते, त्यांनी बंदुका झाडल्या. तो आवाज ऐकून रेमाँच्या पहाऱ्याने झाडल्या, आणि अंधारात सगळ्या फौजेने कोणावर झाडतो आहोत हे न पाहता बार काढले. पळापळ झाली. सकाळी निजामअली या कोटात होता, बाहेर मराठ्यांचा वेढा, आणि मार्च महिन्यात या मुलखात पाण्याची काय दशा असते हे आम्ही सकाळीच त्या बाईंकडून ऐकले होते. दोन दिवसांत तहाची बोलणी. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोट रुपये, आणि मुशीरउल्मुल्क पुण्यात कैदी म्हणून.

"एवढी मोठी फौज, आणि घोड्यांच्या पाण्यावरून पळाली?" दोघांतला एक मुलगा म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडे पाहिले. "हेच पेशव्याच्या मनात आलं." डफने लिहून ठेवले आहे. छावणीत आनंदीआनंद, आणि हा वीस वर्षांचा मुलगा उदास. नानांनी कारण विचारले, तेव्हा तो अशा अर्थाचे बोलला, की दोन्ही बाजू किती खालावल्या आहेत. त्यांनी लाज सोडून शरणागती पत्करली, आणि न झगडता मिळालेल्या जयाच्या आपले लोक बढाया मारताहेत.

"हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही," कन्या म्हणाली.

"मीही कोणाला सांगितलं नाही," आप्पा म्हणाले. "बत्तीस वर्षं. पुस्तकात नव्हतं, परीक्षेत येणार नव्हतं. आणि खरं सांगू, मुलांपुढं एक तरी धडा जिंकलेला असावा असं वाटायचं. पानिपत शिकवून झालं की पोरं गप्प बसत. मग खर्डा आला की वर्ग उजळायचा."

त्या वर्षाचा उरलेला भाग त्यांनी थोडक्यात उरकला. 13 ऑगस्टला अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरच्या 25 तारखेला सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडला, 27 ला वारला. गादीसाठी जी कारस्थाने सुरू झाली त्यात मुशीरउल्मुल्क सुटला आणि तहातले बहुतेक पदरी पडण्याआधीच परत गेले.

मग आप्पा उठले आणि तटावर जायचे म्हणाले. सौ. म्हणाली, "मामा, गुडघा!" ते म्हणाले, "तो नाही तरी बदलायचाच आहे." पायऱ्या उंच होत्या. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तो अनोळखी मुलगा, मागे काठी घेऊन कन्या, असे आम्ही दर चार पायऱ्यांना थांबत वर गेलो. वरून बालाघाटच्या उतरत्या टेकड्या, ज्वारीची कोवळी रोपे आणि ओढ्याच्या कडेने बाभळींची रांग दिसत होती. लढाईची खूण म्हणावी असे काहीही नाही. आप्पा बराच वेळ त्या बाभळींकडे बघत होते. तोच तो ओढा असेल का, असे कन्येने विचारले. "सांगता येत नाही," ते म्हणाले, "पण घोडी पाण्यावर न्यायची तर अशाच एखाद्या जागी नेतील."

खाली यायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. स्टँडसमोर चहा घेताना टपरीवाल्याने विचारले, "पाव्हणं, कुंथलगिरीला निघालात का?" खर्ड्यापलीकडे, धाराशिव जिल्ह्यात, हे जैनांचे तीर्थ आहे, आणि तिथला खव्याचा पेढा या भागात नावाजलेला. आम्ही खास खर्ड्यासाठी पुण्याहून आलो, हे ऐकून तो जरा चकित झाला आणि आप्पांच्या चहाचे पैसे घेईना. आप्पांनी ते बळेच दिले. उजेड तासाभराचा उरला होता. शेजारच्या काकूंना प्रसाद म्हणून काहीतरी न्यायलाच हवे होते, तेव्हा मोटार कुंथलगिरीच्या रस्त्याला लावली.